सायकल ट्रॅकसाठी पैसे मागायचे कुठे?

पुण्यात बिबवेवाडीहून स्वारगेटला रोज सायकलने जातो, ट्रॅकवर कधी गाड्या लावलेल्या कधी पाणीपुरीवाला, मग काय बसच्या शेजारून जीव मुठीत धरून चालवायची. बोलायचं कुणाशी?

पेठकर: अरे २०१७ ला सायकल प्लॅन मंजूर झालाय की, कागदावर एकदम मस्त 😄

सायकलवाली: नुसती चिडचिड नको. महापालिकेच्या बजेटमध्ये नागरिकांना कामं सुचवता येतात, २००६-०७ पासून चालूये. क्षेत्रीय कार्यालयात विचारा. पण 'ट्रॅक सुधारा' असं मोघम नका लिहू, कुठल्या चौकापासून कुठपर्यंत, गाड्या अडवायला खांब कुठे हवेत ते फोटोसकट टाका आणि सोसायटीतल्या चारपाच जणांनाही असाच अर्ज भरायला लावा.

पेठकर: खांबांमधून टूव्हीलरवाले घुसणारच ना पण.

सायकलवाली: घुसतील. चारचाकी तरी थांबेल!