शब्दचर्चा : सीएसएसमधल्या ‘ट्रान्झिशन’ले मराठीत काय म्हणावं?

संत्रावाला
राम राम मंडळी. तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर क्लास घेतो, वेब डिझाईनच्या पोरांसाठी मराठीत नोट्स लिहून रायलो अन् सीएसएस, म्हणजे वेबपानाचं रंगरूप ठरवणारी भाषा, तिच्यातल्या ट्रान्झिशनपाशी गाडी फसली. आधी ‘संक्रमण’ लिहिलं होतं. एका पोरीनं विचारलं, सर बटनाले काय झालं, कोरोना? तिची चूक नाही, आपल्याकडं निम्म्या घरात हिंदी बातम्या लागतात अन् तिथं संक्रमण म्हणजे रोगच, मराठीत त्याले संसर्ग म्हणतात हे खरं पण कानाले कोण समजावणार. मकरसंक्रांतीतलं संक्रमण तेच हे सांगून पाह्यलं, तीळगुळाची आठवण निघाली, बटन राहून गेलं.

गोष्ट एवढीच आहे. बटन हिरवं, माऊस नेला की नारंगी व्हावं. ट्रान्झिशन नसलं तर फटकन होते. ०.३ सेकंद लिहिलं की मधले रंग ब्राउझर सोताच काढते, हिरव्यातून नारंगीकडं जाताना मधात मेंदीसारखा मळकट रंगही येऊन जाते. झाडावरच्या संत्र्याले याच कामाले कितीक आठवडे लागतात, तो भाग अलग.

धुऱ्यावरून
स्थित्यंतर चालते का?

जुनी पाटी
चालत नाही. भाषांतर, रूपांतर, देशांतर, या सगळ्यात ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरं’. दुसरी भाषा, दुसरं रूप, दुसरा देश. तसं स्थित्यंतर म्हणजे दुसरी स्थिती, पोचलो कुठं ते सांगते, गेलो कसं ते नाही. अन् समाजाचं स्थित्यंतर, राजकीय स्थित्यंतर असं वाचायची सवय झालेली, पाव सेकंदाच्या बटनाले एवढा मोठा फेटा कशाले बांधता.

पऱ्हाटी
अबे सोपा शब्द हाये ना, पालट. हवापालट, खांदेपालट, कायापालट. अन् पिकाची फेरपालट तर आपल्या शेतातच हाये, यंदा पऱ्हाटी तं पुढच्या साली सोयाबीन. पोट्ट्याईले सांगायची गरजच नाही.

संत्रावाला
पालट मलेही आवडला होता भाऊ, दोन दिवस फळ्यावर होता. पण अडचण पाहा. ट्रान्झिशन काढून टाकलं तरी रंग पालटतेच ना? फटकन झाला तरी पालट, दमानं झाला तरी पालट. रंग बदलायचं काम दुसऱ्याच ओळीचं आहे, ट्रान्झिशन काहीच बदलत नाही, ते फक्त सांगते का बाबा बदलायचंच असन तं असं बदल. म्हणजे आपल्याले ‘काय झालं’चा शब्द नको, ‘कसं झालं’चा पायजे. मराठीत ‘कसं’ सांगाले फटकन, धाडकन, दमानं, हळूहळू असे ढीगभर शब्द आहेत, पण नाम करायला गेलं की सगळे संस्कृतकडं पळतात.

धुऱ्यावरून
मग पाड? आंबा पाडाले आला म्हणजे कच्चा नाही अन् पिकलाही नाही. मधली अवस्था.

पऱ्हाटी
पाडाले आलेलं बटन 😂 उद्या अढी घालसान.

जुनी पाटी
हसा, पण त्याचा मुद्दा बरोबर आहे, मधलं दाखवणारा तोच एक शब्द आला आतापर्यंत. फळ सोडून दुसरीकडं तो जात नाही, हीच अडचण. बरं, टायमिंग फंक्शनले, म्हणजे बदल कुठं सावकाश अन् कुठं वेगानं व्हावा ते सांगते त्याले, काय लिहिलं?

संत्रावाला
‘चाल’. याच्यावर मी हटणार नाही. बैलाची चाल असते, गाण्याची असते, तशी बदलाची. ईझ-इन अन् ईझ-आउट कोणतं कोणतं हे पोरं कायम उलटं सांगत, मग वर्गातला पंखा दाखवला. लाईट आली का पंखा आधी सुस्त, मग वेग धरते, ते ईझ-इन. लाईट गेली का भरात असलेला पंखा मंद होत होत थांबते, ते ईझ-आउट. आमच्याकडं लाईट दिवसातून इतक्यांदा जाते का उजळणी आपोआप होते. काहीच नाही लिहिलं तर नुसतं ‘ईझ’ लागते, त्यात सुरुवात जराशी सावकाश अन् शेवट जास्त सावकाश.

जुनी पाटी
चाल एकदम पक्का. फक्त क्युबिक-बेझिएचं, म्हणजे ही चाल आखायच्या वक्ररेषेचं, भाषांतर करू नका, बेझिए हे माणसाचं नाव आहे, रेनॉ मोटार कंपनीतला फ्रेंच इंजिनियर, गाडीच्या पत्र्याचे वळसे काढायले त्यानं या वक्ररेषा वापरल्या. नाव तसंच ठेवा.

पऱ्हाटी
अन् डिले, म्हणजे बदल सुरू व्हायच्या आधी थांबायचं ते? ‘दम’ लिहा, आपण म्हणतोच ना, दम धर.

संत्रावाला
लिहिला होता. फळ्यावर ‘दम : ०.२ सेकंद’. तीच पोरगी, सर आता बटनाले दमा झाला का. अन् खरं सांगू, घोटाळा तिथं खराच आहे, ‘दम धर’ म्हणजे थांब अन् ‘दमानं’ म्हणजे हळू, डिले अन् ड्युरेशन (बदलाले किती वेळ लागावा ते) दोन्ही एकाच शब्दात घुसले. मग डिलेले ‘थांबा’ केलं, एसटीचा असते तसा, अन् ड्युरेशनले साधं ‘वेळ’.

धुऱ्यावरून
विषय सोडून विचारतो, माझं बटन नारंगी होताना दमानं होते अन् परत हिरवं होताना धाडकन. काऊन?

संत्रावाला
ट्रान्झिशनची ओळ होव्हरच्या, म्हणजे माऊस बटनावर असतानाच्या नियमाच्या, आत लिहिली असन. माऊस बाजूला गेला का होव्हर गेला, त्याच्यासंगं ओळही गेली, मग परतीले चाल कुठून येणार. बटनाच्या मूळ नियमात टाक. माझ्या वर्गात निम्मे पोरं हेच करतात. अन् गावात सगळे मोबाईलवर पाहतात, तिथं माऊसच नाही, म्हणून होव्हरच्या भरवशावर राहू नको.

धुऱ्यावरून
झालं भाऊ. मूळ शब्दाचं काय ठरलं मग?

संत्रावाला
सध्या ‘ट्रान्झिशन’च ठेवतो, खाली कंसात ‘पालटाची चाल’. दोन शब्द झाले, पण त्या पोरीनं अजून काही विचारलं नाही.

जुनी पाटी
मग टायमिंग फंक्शनले काय उरलं? चाल तर वापरून टाकली.

संत्रावाला
हे राहूनच गेलं बाप्पा.