रेडिओचा टेस्ट सेट बिघडला तर सोलापुरातच उघडावा की बाहेर पाठवावा?

होटगीरोडकर
माझं मत आधीच सांगतो, मग काय हाणायचं ते हाणा. टेस्टिंगचं यंत्र बंद पडलं की लगेच बंगळूर-मुंबईला पार्सल करायची आपली सवय महागात पडते. आधी गावात उघडून बघावं.

आमचं काम वॉकीटॉकी आणि बेस सेट दुरुस्तीचं. गिऱ्हाईक म्हणजे साखर कारखाने, सिक्युरिटीवाले, गड्ड्याच्या यात्रेत सेट भाड्याने नेणारे. सगळं काम मार्कोनी कंपनीच्या जुन्या टेस्ट सेटवर चालतं. सिग्नल जनरेटर, पॉवर मीटर, डेव्हिएशन (आवाजाने फ्रीक्वेन्सी किती सरकते ते) आणि सिनॅड (खरखरीच्या मानाने आवाज किती स्वच्छ ते) मोजणारं, सगळं एकाच पेटीत. मध्यंतरी चालू करताच मागून धूर निघाला. बाहेरगावच्या एका केंद्राला विचारलं, तर नुसतं उघडून बघायची फी वेगळी, काम करवून घेतलं नाही तरी ती परत नाही आणि जाण्यायेण्याचा खर्च आपला.

शेवटी नवी पेठेतल्या एका जुन्या टीव्ही मेकॅनिककडे नेला. त्यांनी झाकण काढलं आणि थेट मेन्स फिल्टरवर, म्हणजे वीज आत येते तिथल्या गोंगाट गाळणाऱ्या भागावर, बोट ठेवलं. तिथला रिफा कंपनीचा कॅपॅसिटर, तो पिवळसर पारदर्शक आवरणाचा, अंगभर बारीक भेगा पडलेला. एक कोपरा फुटून आतला कागद काळा झालेला. जुन्या युरोपियन यंत्रांत हा भाग हमखास जातो. भेगांतून दमट हवा आत शिरते, कागद ओल धरतो आणि एक दिवस शॉर्ट. त्याच्या जागी एक्स-२ दर्जाचा (थेट मेन्सवर चालणारा) नवा बसवला, सप्लायमधले सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलले. माल पुण्यातून, पासोड्या विठोबाजवळून मागवला. मजुरी धरूनही बाहेरच्या तपासणी-फीपेक्षा कमीत काम झालं.

ओहमचा_शेजारी
धूर थांबला, चांगलं झालं. पण यंत्र आता खरं बोलतंय हे कशावरून? टीव्हीवर चित्र दिसलं की काम संपलं. टेस्ट सेटचं काम तिथून सुरू होतं. १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनलला डेव्हिएशन जास्तीत जास्त २.५ किलोहर्ट्झ. तुमचा सेट २.५ दाखवतोय आणि खरं ३.२ असेल, तर तुमच्या दुकानातून बाहेर पडणारा प्रत्येक वॉकीटॉकी शेजारच्या चॅनलवर सांडणार. नवी पेठेत हे पडताळायला काय आहे?

होटगीरोडकर
पॉवर सप्लायचा कॅपॅसिटर बदलल्याने डेव्हिएशन कसं बिघडेल, तेवढं सांगा. सगळे व्होल्टेज मॅन्युअलप्रमाणे मोजून घेतलेत. फ्रीक्वेन्सीसाठी जीपीएसवर लॉक होणारा १० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर आहे, त्याला जुळवून घेतलंय. लेव्हलचं, म्हणजे जनरेटरचा सिग्नल किती जोराचा याचं म्हणाल तर तिथे मात्र तुमचा मुद्दा उरतो.

पार्कचौक_हॅम
मालक, एवढा खटाटोप कशाला? सिग्नल बघायला एक टायनीएसए घ्या, अँटेना-केबल मोजायला एक नॅनोव्हीएनए घ्या. दोन्ही खिशात मावतात. बिघडलं तर दुसरं. दुरुस्तीचा वादच मिटला बे!

निवृत्त_वायरलेस
मिटला नाही. ५ वॅटचा हँडसेट म्हणजे ३७ डीबीएम (पॉवरचं माप, शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट). टायनीएसएच्या इनपुटला ॲटेन्युएशन (सिग्नल दाबणं) शून्यावर असताना सोसतं ते १० डीबीएम, म्हणजे १० मिलिवॅट. मध्ये वॅटेज झेपणारा ॲटेन्युएटर न लावता एखाद्या पोऱ्याने पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं, की गेलं. शिवाय १२ डीबी सिनॅडला रिसीव्हर किती संवेदनशील आहे, हे त्यात थेट मोजता येत नाही. ऑडिओची बाजू वेगळी जुळवत बसावी लागते. हौसेला ठीक आहे, धंद्याला नाही.

आता मूळ वादाबद्दल. बाहेर, म्हणजे कंपनीकडे पाठवा म्हणणाऱ्यांनी आधी कोणती कंपनी ते सांगावं. मार्कोनी इन्स्ट्रुमेंट्स १९९८ मध्ये आयएफआरने घेतली, आयएफआर २००२ मध्ये एरोफ्लेक्सने, एरोफ्लेक्स २०१४ मध्ये कोभमने आणि कोभमचा हा विभाग २०१८ मध्ये व्हायावीने. चौथ्या मालकाकडे तुमच्या पेटीचा बोर्ड मिळेल ही आशाच सोडा. उलट जुन्या मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट आणि भागांची यादी असायची, त्यावरून चांगला मेकॅनिक काम काढतो. नव्या यंत्रांच्या मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा 'बोर्ड बदला' एवढंच.

पण गावातल्या माणसाला एक बजावून ठेवा. काही यंत्रांत कॅलिब्रेशनचे (माप बरोबर जुळवल्याचे) आकडे बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतात. गळकी बॅटरी दिसली म्हणून कुणी खुडली, की आकडे पुसले. मग बाहेर पाठवण्यावाचून गत्यंतर नाही.

ओहमचा_शेजारी
बघा, हेच म्हणतोय मी! हे टीव्ही मेकॅनिकला कोण सांगणार? पंखा, स्विच, सप्लाय, ढिला एन-कनेक्टर एवढं गावात करा, माझी ना नाही. ॲटेन्युएटर आणि मिक्सरला (फ्रीक्वेन्सी बदलणाऱ्या भागाला) मात्र हात लावू देऊ नका.

भीमाकाठ
बाहेर न्यायचंच असेल तर कुरिअरने नको. आमचा एक ऑसिलोस्कोप परत आला तो सीआरटीची (पडद्याच्या काचेच्या नळीची) मान तुटून. 'पॅकिंग तुमचं होतं' म्हणून भरपाई नाही. तेव्हापासून मुंबईला रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने, बर्थवर शेजारी ठेवून. झोप लागत नाही म्हणा, पण काच शाबूत राहते.

होटगीरोडकर
मुंबईत नेमकं कुठे?

ओहमचा_शेजारी
सरकारी प्रयोगशाळांत चुनाभट्टीचं आयडेमी आहे, अंधेरीचं ईआरटीएल आहे. आधी त्यांच्या मान्यतेची व्याप्ती वाचा. एनएबीएलचा (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाचा) शिक्का असला तरी तुमच्या फ्रीक्वेन्सीपर्यंत आणि लेव्हलपर्यंत तो लागू आहे का ते बघा. आणि कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे. ते चूक किती आहे ते लिहून देतात. ती काढायची की नाही हा वेगळा हिशोब, वेगळं बिल.

होटगीरोडकर
सर्टिफिकेट टेंडरवाल्यांना लागतं. मला आजवर एकाही कारखान्याने मागितलेलं नाही.

ओहमचा_शेजारी
त्यांनी मागितलं नाही म्हणून तुमचं डेव्हिएशन बरोबर होतं का?

पार्कचौक_हॅम
कुठल्यातरी इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबला विचारा की. चहावर काम होईल.

निवृत्त_वायरलेस
त्यांच्या यंत्रांवरचे कॅलिब्रेशनचे स्टिकर एकदा वाचून या, मग बोलू.

होटगीरोडकर
ठीक आहे, मधला मार्ग काढतो. दुरुस्ती गावातच, यावर ठाम आहे. पुढच्या वेळी मुंबईला जाईन तेव्हा पेटी सोबत नेतो आणि मोजकेच पॉइंट तपासून घेतो. डेव्हिएशन, पॉवर आणि जनरेटरची लेव्हल. सगळ्या रेंजचे पैसे कशाला भरायचे?

ओहमचा_शेजारी
हे परवडेल. पण लेव्हल उणे ११० डीबीएमला मोजून घ्या, रिसीव्हर तुम्ही तिथेच तपासता. शून्य डीबीएमला सगळीच यंत्रं सोवळ्यात असतात. आणि केबल तुमचीच न्या, तिचाही लॉस लिहून मागा.