शब्दचर्चा: 'भ्रूणहत्या', 'परवानगी' आणि 'सहा महिन्यांचा गर्भ'

खिळेजुळारी:
गर्भपात कायद्यावरचा मजकूर मराठीत आणताना दर वेळी तेच शब्द अडतात. २०२१ ची दुरुस्ती झाल्यापासून हा विषय सतत न्यायालयात असतो आणि बातम्यांची भाषा मात्र जुनीच. 'टर्मिनेशन ऑफ प्रेग्नन्सी', 'व्हायेबल', 'डीक्रिमिनलाइज', 'प्रो-लाइफ' आणि 'प्रो-चॉइस' यांना नेमके शब्द हवेत. शिवाय 'भ्रूणहत्या' कुठे चालेल? 'स्त्रीभ्रूणहत्या' तर इतका रुळलाय की तो काढायचा म्हटलं तर मथळाच होत नाही.

काळा डगला:
आधी भ्रूणहत्येचं बघू. त्या नावाचा गुन्हाच कायद्यात नाही. इथे दोन वेगळे कायदे आहेत. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा, म्हणजे एमटीपी, हा गर्भपात कोणी, कुठे, कधीपर्यंत करायचा ते सांगतो. १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा गर्भाचं लिंग तपासायला, सांगायला आणि लिंग पाहून निवड करायला बंदी घालतो. महाराष्ट्राने असा कायदा त्याच्याही आधी, १९८८ मध्ये केला होता. दवाखान्यात 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी दिसते ती या दुसऱ्या कायद्याची. त्यात शिक्षा निदानाला आहे.

म्हणून बातमी सोनोग्राफी केंद्रावरच्या धाडीची असेल तर 'गर्भलिंगनिदान' किंवा 'गर्भलिंगनिवड' लिहा. बातमी गर्भपाताच्या मुदतीची असेल तर 'भ्रूणहत्या' हा शब्द त्या पानावर येताच कामा नये. 'हत्या' म्हटलं की खटला संपला, निकाल लागला.

टाकेवाली:
काळा डगला यांना दुजोरा, आणि या सरमिसळीचा फटका कुठे बसतो ते सांगते. गर्भपाताच्या गोळ्या (मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅम आणि नंतर मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम) ९ आठवड्यांपर्यंत देता येतात. सोनोग्राफीत लिंग भरवशाने कळायला १२ ते १४ आठवडे उजाडतात. म्हणजे गोळ्यांचा काळ संपल्यावर लिंग दिसतं. तरीही 'स्त्रीभ्रूणहत्या रोखा' म्हणून औषध दुकानांवर कारवाई होते, दुकानदार कटकट नको म्हणून गोळ्या ठेवणंच बंद करतात, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात चिठ्ठी घेऊन आलेली बाई गावभर फिरते. तोवर आठवडे पुढे सरकतात आणि गोळ्यांऐवजी शस्त्रक्रियेने पिशवीतून (गर्भाशयातून) गर्भ काढण्याची वेळ येते.

जाता जाता: 'गर्भपाताची गोळी' आणि ७२ तासांच्या आत घ्यायची 'आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीने राहिलेला गर्भ पडत नाही. छापताना गल्लत करू नका.

पोथीनिष्ठ:
'भ्रूणहत्या' जुना शब्द आहे खरा, पण आजच्या अर्थाने नव्हे. धर्मसूत्रांत 'भ्रूण' याचा एक अर्थ वेदवेत्ता ब्राह्मण असाही आहे. तेव्हा 'आपल्या परंपरेत भ्रूणहत्या महापाप' असं लिहिणाऱ्याने कोणतं वचन, कोणता अर्थ, हे आधी तपासावं.

'गर्भपात' शब्दाचीही गंमत आहे. सुश्रुताच्या मते चौथ्या महिन्यापर्यंत होतो तो गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात होतो तो गर्भपात. दोन्ही आपोआप होणारे. 'पात' म्हणजे पडणं. पाडण्याचा अर्थ त्याला मागाहून चिकटला.

तळटीप:
आणि तिथेच गोंधळ. 'तिचा गर्भपात झाला' या वाक्यात आपोआप झाला की करवून घेतला, काही कळत नाही. बोलीत मात्र हा घोळ नाही. गर्भ पडला, गर्भ पाडला. पोट पडलं, पोट पाडलं. एका काना-मात्रेत सगळं स्पष्ट. छापील मराठीला हे शब्द अशिष्ट वाटतात म्हणून आपण ते टाकले, आणि हाती आला हा दोन तोंडांचा शब्द.

माझी सुचवण: आपोआप असेल तर 'गर्भ पडला' किंवा 'आपोआप गर्भपात', करवून घेतला असेल तर 'गर्भपात करून घेतला'. 'टर्मिनेशन'ला 'गर्भसमापन' चालेल, पण तो कायद्याच्या हिंदी नावातल्या 'समापन'चा पाहुणा आहे. मराठी कानाला समापन म्हटलं की कीर्तनाचं वाटतं. अधिनियमाच्या भाषांतरात ठीक, बातमीत नको.

टाकेवाली:
'पिशवी साफ केली' हाही सोडू नका. बायका गर्भपातालाही तेच म्हणतात आणि जास्त अंगावर जातं म्हणून केलेल्या क्युरेटिंगलाही (पिशवीचं अस्तर खरवडून काढणं) तेच. मुलाखत लिहून घेताना 'तेव्हा दिवस गेले होते का?' हा एक प्रश्न विचारला की उलगडा होतो.

खिळेजुळारी:
उपयोगी पडेल. आता 'परवानगी'. 'न्यायालयाने गर्भपातास परवानगी दिली', 'नाकारली', असे मथळे रोज असतात. बरोबर आहेत?

काळा डगला:
न्यायालयापुरते बरोबर. पण वाचकाला वाटतं की प्रत्येक गर्भपाताला कोणाची तरी परवानगी लागते. कायद्यात तीन शब्द आहेत आणि तीनही वेगळे.

'संमती' बाईची. ती नमुना 'सी' वर घेतात. ती १८ वर्षांची असेल तर बाकी कोणाचीही संमती लागत नाही, नवऱ्याचीसुद्धा नाही. अल्पवयीन किंवा मनोरुग्ण असेल तर पालनकर्त्याची लेखी संमती. इथे 'पालक' लिहू नका, लोक आई-बापच समजतात. सातबाऱ्यावरचं 'अ.पा.क.' म्हणजे 'अज्ञान पालनकर्ता' आठवा. अज्ञानाची, म्हणजे अल्पवयीनाची, काळजी वाहणारी व्यक्ती, मग ती मावशी का असेना.

'मत' डॉक्टरचं. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं, २० ते २४ मध्ये दोघांचं. १९७१ च्या मूळ कायद्यात एकाचं मत १२ आठवड्यांपर्यंतच पुरे होतं, १२ ते २० ला दोघे लागायचे.

'अहवाल' वैद्यकीय मंडळाचा. २४ च्या पुढे, गर्भात गंभीर व्यंग असेल तर. मंडळावर स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, सोनोग्राफी करणारा तज्ज्ञ हवेतच. अर्ज आल्यापासून ३ दिवसांत मत आणि ५ दिवसांत गर्भपात, असं नियम सांगतो.

आणि बाईचा जीव वाचवायला तातडीने करावा लागला तर आठवड्यांची मर्यादा नाही, दुसरा डॉक्टरही लागत नाही. हे कलम ५. मुदतीच्या बातम्यांत ते हमखास गाळलं जातं.

'परवानगी' येते ती यातलं काहीच लागू पडत नाही तेव्हा, रिट याचिकेत. प्रत्यक्षात रुग्णालयं २४ च्या आतल्या बाईलाही 'कोर्टाचा कागद आणा' म्हणतात. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की कायद्यात नसलेल्या अटी, म्हणजे घरच्यांची संमती, जादा कागदपत्रं, न्यायालयाचा आदेश, डॉक्टरांनी लादू नयेत. आपण सरसकट 'परवानगी' छापतो तेव्हा त्याच चुकीला खतपाणी घालतो.

तळटीप:
त्याच निकालावरून 'जोडीदार'. मूळ कायद्यात गर्भनिरोधक फसल्याचं कारण फक्त 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांना होतं. २०२१ मध्ये 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आलं. काही भाषांतरांत अजून 'पती' दिसतो. ही हस्तदोषाची चूक समजू नका, त्याने कायदाच पन्नास वर्षं मागे जातो.

गोम पुढे होती. २० ते २४ आठवड्यांसाठी एमटीपी कायद्याखालच्या नियम ३ब मध्ये सात गटच दिले: बलात्कार किंवा जवळच्या नात्यातला लैंगिक अत्याचार, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा वा घटस्फोटित झालेली, मोठं शारीरिक अपंगत्व, मनोरुग्ण, गर्भातलं व्यंग, आपत्ती वा आणीबाणी. अविवाहितेचं नाव नाही. २०२२ च्या निकालाने 'वैवाहिक स्थितीतील बदल' याचा अर्थ व्यापक लावून तिला आत घेतलं. अशा बातमीत 'कुमारी माता' दिसलं की खोडा. जिला माता व्हायचं नाही म्हणून ती न्यायालयात आली, तिलाच माता म्हणायचं? 'अविवाहित स्त्री' पुरे.

टाकेवाली:
आता शीर्षकातला 'सहा महिन्यांचा गर्भ'. इथे मराठी बातम्या सर्रास घसरतात. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंध आला त्या दिवसापासून नव्हे. त्यामुळे '२४ आठवडे' म्हणतो तेव्हा गर्भधारणा होऊन साधारण २२ झालेले असतात.

२० आठवडे म्हणजे १४० दिवस, साडेचार महिने आणि थोडे वर, म्हणजे पाचवा चालू. २४ म्हणजे १६८ दिवस, साडेपाच महिने, सहावा चालू. घरी 'सहावा लागला' म्हणतात ते पाच पूर्ण झाल्यावर. बातमीत त्याचं 'सहा महिन्यांची गरोदर' होतं आणि बाई कागदावर एकदम २६ आठवड्यांवर जाऊन बसते. कायदा आठवड्यांत आहे, तेव्हा आठवडेच लिहा, आणि सोनोग्राफीच्या अहवालात दिवस दिले असतील तर तेही.

तारीख पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीने ठरली असेल तर फरक ५ ते ७ दिवसांचा. पाळीची तारीख आठवत नाही आणि पहिली सोनोग्राफीच २३ व्या आठवड्यात, तर दोन आठवडे इकडेतिकडे होऊ शकतात. मर्यादेच्या दोन्ही बाजू त्यात सामावतात.

जुन्या कायद्यातली २० ची मर्यादा का अडत होती तेही यातच आहे. व्यंग पाहायची ॲनोमली सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत होते, हृदयाची टूडी इको बहुधा त्याहून उशिरा, गर्भजलाच्या तपासणीचा अहवाल यायला दोन-तीन आठवडे. व्यंग कळेपर्यंत मुदत संपलेली. २००८ मध्ये गर्भाच्या हृदयात दोष निघालेल्या जोडप्याला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला, आणि कायदा बदलण्याची मागणी खरी तेव्हापासून गाजली. दुरुस्ती अमलात यायला २४ सप्टेंबर २०२१ उजाडला.

खिळेजुळारी:
'व्हायेबल'? यंत्राने केलेल्या भाषांतरात 'व्यवहार्य गर्भ' असं वाचलं.

तळटीप:
व्यवहार्य धरण असतं, योजना असते. 'जगण्याजोगा' लिहा, तांत्रिक मजकुरात 'जीवनक्षम'. ऑक्टोबर २०२३ चं २६ आठवड्यांचं प्रकरण याच शब्दावर फिरलं. ९ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने होकार दिला, मग एम्सच्या डॉक्टरांनी कळवलं की गर्भ जगण्याजोगा आहे, आधी हृदयस्पंदन थांबवावं लागेल. दोन न्यायाधीशांत मतभेद झाले आणि १६ तारखेला तिघांच्या पीठाने नकार दिला. अशा मजकुरात 'पोटातलं बाळ' आणि 'गर्भ' यांतला एक शब्द आपण निवडला की बाजूही निवडली जाते. अवतरणात वक्त्याचा शब्द ठेवा, आपल्या वाक्यात 'गर्भ'.

'प्रो-लाइफ'ला 'जीवनवादी' नको, समोरचा काय मरणवादी? 'गर्भपातविरोधी' आणि 'गर्भपाताच्या हक्काचे समर्थक' लिहा. लांब आहेत, पण कोण काय मागतंय ते कळतं.

काळा डगला:
राहिला 'डीक्रिमिनलाइज'. 'कायदेशीर करणे' हे त्याचं भाषांतर नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ प्रमाणे (जुनं ३१२) गर्भपात घडवून आणणं आजही गुन्हा आहे, स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा त्यात येते. एमटीपी कायदा अटी पाळणाऱ्या डॉक्टरला त्यातून सूट देतो, म्हणजे मुभा. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूल होऊ देण्या-न देण्याची निवड अनुच्छेद २१ मधल्या वैयक्तिक स्वातंत्र्यात धरली, तरी कायद्याची बांधणी मुभेचीच राहिली. फ्रान्सने मार्च २०२४ मध्ये राज्यघटनेत शब्द घातला तो 'हमी दिलेलं स्वातंत्र्य', त्यावरही तिथे बरीच घासाघीस झाली. आपल्याकडची मागणी गुन्ह्याचं कलमच काढा अशी असेल तर 'गर्भपात गुन्ह्यातून वगळा' लिहा. 'गर्भपात कायदेशीर करा' लिहिलंत तर वाचक विचारेल, १९७१ मध्ये मग काय केलं?

खिळेजुळारी:
मग आजचा मथळा. आलेली प्रत: 'सहा महिन्यांच्या गर्भाच्या हत्येस कोर्टाची परवानगी'. केलेला: '२५ आठवड्यांच्या गर्भात गंभीर व्यंग, मंडळाच्या अहवालानंतर गर्भपातास न्यायालयाची मान्यता'. दोन ओळी होतात.

टाकेवाली:
होऊ द्या. फक्त २५ पूर्ण की पंचविसावा चालू, तेवढं विचारून घ्या.