शर्यतीतला ग्रेहाउंड घरी आणायचाय (जुळे सोलापूर, दुसरा मजला) – सल्ला हवा

मनीषा_जुळेसोलापूर
नमस्कार मंडळी. मामांच्या गावी, मंगळवेढ्याकडे, एकांचा ग्रेहाउंड कुत्रा आहे. यात्रेतल्या शर्यतीत पळायचा. वय साडेचार. मागच्या डाव्या पायात लचक भरली ती पुरती गेली नाही, म्हणून आता पळवत नाहीत. मालक म्हणाले, "न्या ताई, फुकट न्या, फक्त पुढं कुणाला विकू नका." परवा बघून आले. गोठ्याच्या कडेला दीड हात साखळीला बांधलेला. भुंकला नाही, उडी नाही. मी जवळ गेले तर माझ्या मांडीला अख्खं अंग टेकवून नुसता उभा राहिला. माझं तिथंच ठरलं.

२ बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट नाही. घरात मी, नवरा, सासरे (७४) आणि सहा वर्षांचा मुलगा. सुरुवातीचा खर्च पाच हजारांच्या आत, पुढे महिन्याला तीन हजारांपर्यंत. कृपया बजेट वाचून सांगा. बिछाना कोणता, पट्टा कोणता, खायला काय, आणि जन्मात जिना न बघितलेलं कुत्रं वर कसं न्यायचं? आणि आता एप्रिल लागला, तर आत्ता आणू की पाऊस पडल्यावर?

होटगीरोड_किंग
ताई, लॅब (लॅब्रॅडोर) घ्या. माझा लॅब चॅम्पियन लाइनचा आहे. त्याच्यासाठी हॉलमध्ये वेगळा एसी, झोपायला फोमची गादी ९,२०० ची, ऑनलाइन मागवलेली. शर्यतीचं कुत्रं घरात टिकत नसतं, दिवसभर पळायला मागतं.

मनीषा_जुळेसोलापूर
दादा, बजेट पाच हजार आहे. आणि लॅब नकोय.

मुधोळचा_जावई
फोटो टाका आधी. इकडे दहापैकी आठ जण कारवानीलाच, म्हणजे मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्यालाच, ग्रेहाउंड म्हणतात. कान बघा. ग्रेहाउंडचे कान मागं दुमडून मानेला चिकटलेले असतात, सावध झाला की अर्धे उभे होतात. आपल्या मुधोळचे कान पानासारखे खाली लोंबतात. अंगही सडसडीत असतं, ग्रेहाउंडच्या मांड्या भरलेल्या.

बार्शीचा_पशमीवाला
"आपल्या मुधोळचे" म्हणजे? कारवानी आमच्या माळावरचं कुत्रं. नाव मुधोळचं पडलं कारण मुधोळचे राजे मालोजीराजे घोरपडे यांनी पंचम जॉर्जला जोडी भेट दिली आणि तिकडं ते "हाउंड्स ऑफ मुधोळ" झाले.

मुधोळचा_जावई
मग राजांनी जपलं म्हणूनच टिकलं ना? २००५ साली पोस्टाचं तिकीट निघालं, त्यावर रामपूर, राजपालयम, हिमालयीन शीपडॉग आणि मुधोळ हाउंड. कारवान कुठं लिहिलंय?

बार्शीचा_पशमीवाला
केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत बघा. कारवान हाउंडच लिहितात. मुधोळ लिहिणारा इंडियन नॅशनल केनेल क्लब, तो वेगळा.

मनीषा_जुळेसोलापूर
फोटो टाकलाय. कान मागं दुमडलेले आहेत. आता पट्ट्याचं सांगता का कुणी?

पेठेतली_अनू
पट्ट्याचं मी सांगते, कारण आमचं झालंय. माझ्याकडे कारवानी मादी होती, घडण तीच. ह्यांची मान जाड आणि डोकं अरुंद. साधा बकलचा पट्टा कितीही आवळा, ही जात एक पाऊल मागं घेते, मान खाली घालते आणि पट्टा तुमच्या हातात राहतो. आसरा चौकात संध्याकाळी सात वाजता वरातीचा बँजो सुरू झाला आणि आमची राणी अशीच सुटली. दोन तासांनी विजापूर रोडला एका गॅरेजमागं सापडली. तोवर माझी आई रडून रडून बसली होती.

तर मार्टिंगेल नावाचा पट्टा घ्या. त्याला दोन कड्या आणि एक छोटा फास असतो. कुत्र्यानं मागं ओढलं की मानेभोवती घट्ट होतो, ढिला सोडला की सैल, गळा आवळत नाही. रुंदी निदान दीड इंच. तयार मिळाला नाही तर पिशव्या-बॅगा शिवणाऱ्याकडून नवारीचा शिवून घ्या. मी १४० रुपयांत शिवून घेतला, चार वर्षं टिकला. आणि मोकळं सोडायचं नाही, कितीही गुणी वाटला तरी. मांजर, ससा, उडती पिशवी काहीही दिसलं की कान बंद. एकदा सुटला की तुम्ही स्कूटरवर सुद्धा गाठत नाही.

निवांत_सोलापूरकर
काय करलालाव ताई, एवढं मोठं कुत्रं दुसऱ्या मजल्यावर! आमच्या मेव्हण्याचं नान्नज साइडला रान हाय, तिथं सोडा की. मोकळं पळंल बे ते.

पेठेतली_अनू
नान्नजला?! तिथं माळढोक अभयारण्य आहे, काळविटं फिरतात. ह्या कुत्र्यानं सशाच्या मागं जरी धाव घेतली तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकाल. वर लिहिलंय ना, मोकळं सोडायचं नाही म्हणून.

निवांत_सोलापूरकर
बरं बरं. म्या आपलं सांगितलं.

मेलबर्नवाली_आजी
मनीषा, माझी लेक मेलबर्नला असते, तिच्याकडे ट्रॅकवरून निवृत्त झालेली ग्रेहाउंड आहे. मी सहा महिने तिथं होते, म्हणजे त्या कुत्रीला मीच सांभाळलं म्हण. किंगसाहेब म्हणतात तसं दिवसभर पळत वगैरे नाही हो ही जात. ताशी साठ-पासष्ट किलोमीटरनं अर्धा मिनिट पळणार आणि उरलेला दिवस झोपणार. सोफ्यावर उताणी, चारी पाय वर. मला बसायला जागा नसायची.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐक, तुझ्याकडे लहान मूल आहे. झोपेत हिला हात लावायचा नाही. ही कुत्री आयुष्यभर एकट्या पिंजऱ्यात झोपलेली असतात, शेजारी कुणी असतं ही सवयच नाही. काही तर डोळे उघडे ठेवून झोपतात. अचानक हात लागला की दचकून गुरगुरतात, क्वचित चावतातही. त्यात राग नसतो. लांबून नाव घ्यायचं, मान वर केली की मग जवळ जायचं. नातवाला आम्ही हे पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं. बिछाना कोपऱ्यात, येण्याजाण्याच्या वाटेत नको.

आणि घाई नको. तिकडं म्हणतात तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. तीन दिवस बावरलेलं, तीन आठवड्यांत घराची वेळ कळते, तीन महिन्यांनी खरं कुत्रं दिसतं. लेकीची आधी कपाटाच्या आरशाला भुंकायची, आणि काचेच्या दारावर दोनदा आपटली. काचेला आम्ही कागदी पट्ट्या चिकटवल्या.

जगाची_खबर
शर्यती बंदच व्हायला हव्यात. फ्लोरिडात २०१८ ला लोकांनी मतदान करून बंद पाडल्या, २०२० संपेपर्यंत सगळे ट्रॅक थांबले.

बार्शीचा_पशमीवाला
फ्लोरिडाचं सोडा, आपल्या यात्रेत परवानगीचा कागद कुणी बघतंय का ते सांगा.

कॉलनी_सचिव
सोसायटीची एनओसी घेतली का? आमच्याकडे कुत्र्यांना बंदीचा ठराव आहे.

पेठेतली_अनू
तो ठराव फ्रेम करून ठेवा. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना वाचा, सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही.

कॉलनी_सचिव
जिन्यात घाण झाली तर मंडळ येणार आहे का पुसायला?

रिटायर्ड_ड्रेसर
मी डॉक्टर नाही. जनावरांच्या दवाखान्यात २८ वर्षं ड्रेसर होतो, आता घरी. जे बघितलं ते लिहितो.

आणल्यावर पहिल्या दोन दिवसांत गोचीड बघा. कानाच्या आत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. गोठ्यातलं कुत्रं म्हटल्यावर असणारच. गोचीड तापानं रक्त उतरतं. हिरड्या पांढऱ्या दिसल्या किंवा लघवी चहासारखी झाली तर एक दिवस थांबायचं नाही. रक्त तपासून घ्या, ह्यातच तुमच्या पाच हजारातले पहिले पैसे घाला. गादी नंतर.

दुसरं, भूल. पायाचं किंवा दाताचं काम निघालं तर डॉक्टरांना आधी सांगा की ग्रेहाउंड आहे. अंगावर चरबी नसते आणि काही औषधं त्यांच्या शरीरातून हळू निघतात. थायोपेंटल हे जुन्या पद्धतीचं भुलीचं औषध दिलं तर कुत्रं तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. रक्ताचे आकडेही इतर कुत्र्यांपेक्षा वेगळे येतात, तांबड्या पेशी जास्त, थायरॉइड कमी. ते बघून उगाच गोळ्या सुरू करू नका.

कातडी कागदासारखी. बाभळीचा काटा लागला तरी चिरते. रेबीजची लस आणि जंताचं औषध मालकानं दिलंय असं तोंडी सांगितलं तर दिलं नाही असंच धरा. महापालिकेत नोंद करून घ्या.

होटगीरोड_किंग
आमच्या डॉक्टरांनी लॅबसाठी इम्पोर्टेड फूड सांगितलंय, महिन्याला ६,५०० जातात. त्याखाली जाऊच नका.

मनीषा_जुळेसोलापूर
🙏 काका, हे सगळं लिहून घेतलं. भूल वगैरे तर मला माहीतच नव्हतं. खाण्याचं कुणी साधं सांगेल? मालक ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून देतात, शर्यतीआधी अंडी.

बार्शीचा_पशमीवाला
भाकरी चालते, पण नुसत्या भाकरीवर ठेवू नका. दोन वेळा थोडं थोडं. भाकरी, दोन उकडलेली अंडी, आठवड्यातून चारदा कोंबडीचं बिनमसाल्याचं मांस. बरगड्या शेवटच्या दोन-तीन दिसल्या तर घाबरू नका, शेजारणी "उपाशी ठेवलंय" म्हणणारच. खाल्ल्यावर तासभर तरी पळवायचं नाही, छाती खोल असलेल्या जातीत पोट फुगून पीळ बसतो आणि जीव जातो.

सोलापुरात राहता म्हणून सांगतो, शेंगाचटणी लांब ठेवा. शेंगदाण्यांचं काही नाही, त्यातला लसूण वाईट. कांदा, बेदाणे, द्राक्षंही द्यायची नाहीत. आमच्या पोरानं लाडानं भाकरीला चटणी लावून दिली होती, तीन दिवस सलाइन.

नवीन_सदस्य_८१
पट्टा नीट बघून घ्या, ह्या कुत्र्यांचं डोकं अरुंद असतं, साधा पट्टा निघतो.

पेठेतली_अनू
🙄

चादरवाला_नातू
बिछान्याला हजारो रुपये कशाला? घरात जुन्या सोलापुरी चादरी असतीलच. हाडं टोकदार असतात, कोपरावर घट्टे पडतात, म्हणून जुनी कापसाची गादी खाली आणि वर दोन चादरी. धुवायलाही बरं. फक्त शहाबादी फरशीवर चादर नुसती पसरू नका, घसरते. एकदा पाय घसरला की कुत्रं त्या खोलीत परत येत नाही. खाली रबरी मॅट टाका.

रिटायर्ड_ड्रेसर
हे बरोबर. लंगडतंय तर घसरणं अजिबात नको.

मेलबर्नवाली_आजी
जिन्याचं कुणीच सांगितलं नाही. आमच्याकडे पंधरा पायऱ्या होत्या. वर उचलून न्यायचं, आणि शिकवायचं ते खालच्या शेवटच्या दोन पायऱ्यांपासून. तिथं उभं करायचं, उतरू द्यायचं, मग तीन, मग चार. पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग धरायचा. खाऊचं आमिष समोर. आठवडा लागला.

पेठेतली_अनू
आणि आत्ता आणू नका हो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ४३-४४ पर्यंत जातं. नवी जागा, त्यात ही उष्णता. जूनमध्ये आणा.

रिटायर्ड_ड्रेसर
जून.

बार्शीचा_पशमीवाला
जूनच. गोठ्याच्या सावलीत आहे तो, मरत नाही.

होटगीरोड_किंग
एसी असेल तर कधीही आणा.

मनीषा_जुळेसोलापूर
(बारा दिवसांनी)
सगळ्यांनी जून सांगितलं, आणि मी मागच्या रविवारी घेऊन आले. रागावू नका. मामांचा फोन आला की मालक शेतातली खोली पाडून बोअर घेतायत आणि कुत्रं बाभळीखाली उन्हात बांधलंय. मग मला राहवलं नाही. पहाटे चारला निघालो, ऊन व्हायच्या आत परत.

हिशोब: रक्त तपासणी, गोचिडाचं औषध, लस मिळून २,३५०. नवारीचा पट्टा १६० (अनूताई, दोन कड्यांचं चित्र मोबाइलवर दाखवून शिवून घेतला). रबरी मॅट ७८०. गादी शून्य, सासऱ्यांनी स्वतःची दिली आणि स्वतः नवीन घेतली, ती ३,१०० ची. ती मी बजेटमध्ये धरत नाही. एसी नाही. कूलर आहे, त्याच्यासमोर तो आणि सासरे दोघं दुपारी आडवे होतात. फिरणं पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर. डांबरावर आधी मी हाताचा पंजा मागच्या बाजूनं टेकवून बघते.

पहिल्या दिवशी मिक्सरला घाबरून न्हाणीघरात जाऊन उभा राहिला. दीड तास. मी मग चटणी खलबत्त्यात केली (लसणाची, डबा वरच्या फळीवर आहे). मुलगा आता येताजाता लांबूनच "रॉकेट, उठलास का?" विचारतो.

जिना: आजी, टॉवेल, अंडं, शेवटच्या दोन पायऱ्या, सगळं केलं. हलला नाही. चौथ्या दिवशी सासरे दूध घेऊन वर येत होते. त्यांचे गुडघे दुखतात, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, थांबायचं, मग पुढची. हा त्यांच्या मागं तसाच. एक पायरी, थांब. एक पायरी, थांब. तेवीस मिनिटांत दोघं वर.

अडचण अशी की चढायला शिकलाय, उतरायला नाही. आत्ता रात्रीचे सव्वादहा वाजलेत. वरच्या पायरीवर उभा राहून थरथरतोय, शू लागलीय त्याला, आणि सासरे झोपलेत. पटकन सांगा.

मेलबर्नवाली_आजी
एकानं पुढं पट्टा धरा, दुसऱ्यानं पुढचे पाय एकेक उचलून खालच्या पायरीवर ठेवा. मागचे आपोआप येतात. ओढू नका!

पेठेतली_अनू
पोटाखाली टॉवेल.

कॉलनी_सचिव
जिना पुसून घ्या.

होटगीरोड_किंग
म्हणून म्हणत होतो, लॅब घ्या.

मनीषा_जुळेसोलापूर
उतरला. म्हणजे नवऱ्यानं उचलून उतरवला. ३१ किलो आहे. काम झालं, आता तो माझ्या मांडीला टेकून उभा आहे आणि नवरा कंबर धरून खालच्या पायरीवर बसलाय. कमरेला लावायचा पट्टा कोणता चांगला? बजेट पाचशे.

होटगीरोड_किंग
माझा ४,८०० चा आहे. जर्मन.