अपील चालू असताना डबघाईला आलेल्या कंपनीला हुकूमनाम्याची रक्कम न भरता वसुलीला स्थगिती द्यावी का?

ताळेबंद:
माझं मत, द्यावी. हुकूमनामा (पैसे देण्याचा कोर्टाचा निकाल) १२ कोटींचा आणि खेळतं भांडवल ३ कोटींचं असेल, तर 'आधी पूर्ण रक्कम भरा' या अटीने अपील ऐकण्याआधीच कंपनी बसते. 'मग बँक गॅरंटी द्या' हा उपायही कागदावरच राहतो. खातं थकीत झालं की बँक शंभर टक्के मार्जिन मागते, म्हणजे १२ कोटींची मुदतठेव. रोख भरण्यात आणि यात फरक काय उरला?

अमेरिकन तेल कंपनी टेक्साकोचं बघा. १९८५ मध्ये ह्यूस्टनच्या ज्युरीने तिच्यावर दावा लावणाऱ्या पेन्झॉइलला सुमारे १०.५३ अब्ज डॉलर दिले. टेक्सासच्या नियमाने वसुली रोखायची तर तेवढ्याच रकमेचा बाँड (हमीपत्र) हवा, आणि एवढा बाँड मिळणं अशक्य. एप्रिल १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वसुली रोखणारा खालच्या फेडरल कोर्टाचा मनाईहुकूम उठवला आणि आठवड्याच्या आत ही धडधाकट कंपनी चॅप्टर ११ मध्ये, म्हणजे दिवाळखोरीच्या संरक्षणात, गेली. शेवटी तडजोड झाली ३ अब्जांवर. २००३ मध्ये टेक्सासने बाँडला मर्यादाच घातली: कंपनीच्या नक्त मूल्याच्या निम्मे किंवा अडीच कोटी डॉलर, यांत कमी असेल ते.

दरखास्तवाले:
साफ असहमत. टेक्साकोकडे मालमत्ता होती म्हणून पेन्झॉइलला ३ अब्ज तरी मिळाले. तुमच्या उदाहरणातल्या कंपनीकडे काय आहे?

दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ४१ नियम ५(३) स्थगितीसाठी तीन गोष्टी मागतो: मोठं नुकसान, विनाविलंब अर्ज आणि तारण. पैशाच्या हुकूमनाम्यात नियम १(३) आणि ५(५) रक्कम किंवा तारणावर आणखी जोर देतात. २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'रक्कम भरणं सक्तीचं नाही' म्हटलं हे खरं, पण तो अपवाद निकालच उघडउघड सदोष असेल तेव्हाचा. अपीलकर्त्याची तिजोरी रिकामी आहे म्हणून नव्हे.

आता विनातारण स्थगितीनंतर काय होतं ते पाहा. कंपनी आयबीसीच्या (दिवाळखोरी संहितेच्या) कलम १० खाली स्वतःच एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, जाते. अर्ज दाखल करून घेतला की कलम १४चा मोरेटोरियम (वसुलीला बंदी) लागतो आणि दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची वसुली, जागच्या जागी थांबते. हुकूमनामाधारक बहुधा फॉर्म एफ (येण्याच्या दाव्याचा अर्ज) भरून 'इतर धनकों'त (येणं असलेल्यांत) जातो. धनकोंच्या समितीत त्याला मत नाही. अवसायन (मालमत्ता विकून कंपनी गुंडाळणं) झालंच तर कलम ५३च्या रांगेत तारणधारक बँका आणि कामगार त्याच्या कितीतरी पुढे. कंपनी आजारी आहे म्हणूनच तारण हवं.

आरपी_डेस्क:
दोघांच्याही नजरेतून आयबीसीचं कलम ४३ सुटलंय. कोर्टात भरलेली रक्कम हुकूमनामाधारकाने उचलली आणि वर्षाच्या आत दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, तर रेझोल्यूशन प्रोफेशनल (दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणारा) तो व्यवहार 'एका धनकोला झुकतं माप' म्हणून आव्हान देऊ शकतो. संबंधित पक्ष असेल तर मुदत दोन वर्षांची. 'कोर्टाच्या आदेशाने दिले' हा बचाव पुरेसा नाही, कलम ४३(३)च तसं सांगतं.

म्हणून गॅरंटी रोखीपेक्षा भक्कम. कलम १४(३)(ब)मुळे हमीदाराला मोरेटोरियमचं संरक्षण नाही, बँकेला पैसे द्यावेच लागतात. पण मसुदा नीट हवा: कोर्टाच्या प्रबंधकांच्या नावे, विनाशर्त, मागणी येताच देय. नेहमीची चूक मुदतीत होते. गॅरंटी एक वर्षाची, अपील चालतं सहा वर्षं. मुदत संपते तेव्हा मोरेटोरियम लागलेला असतो आणि बँक नूतनीकरण नाकारते. स्थगितीच्या आदेशातच लिहून घ्या: मुदतीच्या ३० दिवस आधी नूतनीकरण झालं नाही, तर प्रबंधकांनी गॅरंटी वटवून रक्कम कोर्टात ठेवावी.

ताळेबंद:
मसुद्याचा मुद्दा मान्य. पण मार्जिनचा प्रश्न तसाच राहिला. मी फुकट स्थगिती मागत नाही. २५ टक्के तीन हप्त्यांत भरावेत, संचालकांनी मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं, कारखाना विकायला वा गहाण टाकायला मनाई असावी, अपिलाची सुनावणी तातडीने व्हावी. हप्ता चुकला की स्थगिती आपोआप रद्द.

दरखास्तवाले:
हप्ते आणि तातडीची सुनावणी, इथपर्यंत मीही येतो. कारखान्यावरची मनाई मात्र मला तारण वाटत नाही. कंपनी कामकाज मंत्रालयाच्या पोर्टलवर चार्जेस (मालमत्तेवरच्या बोजांची नोंद) उघडून बघा. जमीन, यंत्रं, येणी, सगळ्यावर आधीच बँकेचा पहिला बोजा असतो. तुमची मनाई कंपनीवर, बँक सरफेसीखाली (बँकांच्या तारण-वसुलीचा कायदा) ताबा घेऊन विकते आणि बँकेचे भागल्यावर बहुतेक वेळा काही उरत नाही. संचालकांनी स्वतःची, बोजा नसलेली मालमत्ता हमी म्हणून द्यावी. कंपनीच्या मोरेटोरियमने ती अडत नाही.

ताळेबंद:
ज्या संचालकांनी आधीच बँकेला वैयक्तिक हमी दिली आहे, त्यांच्याकडे बोजा नसलेलं काही उरलंय का, हे आधी तपासायला हवं. तिथे तुमची अट पुन्हा 'पूर्ण रक्कम भरा' इतकीच अशक्य होते.