शब्दचर्चा: 'चौकशी' कोणाची, 'तपास' कोणाचा?

'न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करून खाजगी फिर्याद फेटाळली' असं बातमीत वाचलं. चौकशी तर पोलीस करतात ना? शब्द चुकलाय का?

— शब्द बरोबर आहे, आपली सवय वेगळी आहे. 'पोलिसांनी चौकशीला बोलावलं' असं आपण सर्रास म्हणतो. फौजदारी कायद्यात मात्र पोलीस करतात तो तपास, सरकारी मराठीत 'अन्वेषण'. चौकशी न्यायाधीशाची, आणि तीही खटल्याहून वेगळी. खाजगी फिर्याद, म्हणजे थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे केलेली तक्रार, आली की ती करणाऱ्याचा जबाब शपथेवर घेतात. तेवढ्याने भागलं नाही, तर आरोपीला समन्स काढणं लांबणीवर टाकून न्यायदंडाधिकारी स्वतः चौकशी करतात, नाहीतर पोलिसांना किंवा दुसऱ्या कोणाला तपास करायला सांगतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 202, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 225. वकील मंडळी 'दोनशे दोनची चौकशी पोलिसांकडे गेली' म्हणतात ते काटेकोर पाहता चूक. पोलिसांकडे जातो तो तपासच.

— त्यात आणखी गोंधळ म्हणजे कोर्ट साक्षीदार 'तपासतं', पण तो 'तपास' नव्हे! सत्र न्यायालयातच चालणारा गुन्हा असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांना या टप्प्यावर पोलिसांकडे तपास देताच येत नाही. फिर्यादीला सगळे साक्षीदार आणायला सांगून त्यांना शपथेवर तपासावं लागतं. आणि आरोपी हद्दीबाहेर राहणारा असेल, तर समन्सआधी चौकशी किंवा तपास 2006 पासून सक्तीचा आहे. उगाच कोणी लांबच्या माणसाला हेलपाटे घालायला लावू नयेत म्हणून.

मग 'फेटाळली' म्हणजे आरोपी निर्दोष सुटला?

— छे! खटला उभाच राहिला नाही, तर सुटणार कशातून? पुढे जायला पुरेसा आधार नाही, एवढंच त्याचा अर्थ. आणि का नाही, ते थोडक्यात लिहून ठेवावं लागतं (पूर्वी कलम 203, आता 226). 1 जुलै 2024 ला नवी संहिता लागू झाल्यापासून एक मोठा फरक पडलाय. आरोपीला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय अशा तक्रारीची दखलच घेता येत नाही. पूर्वी या टप्प्यावर त्याला बोलायचा हक्क नव्हता.

फेटाळल्यावर तीच तक्रार पुन्हा करता येते का?

— बंदी नाही, पण अपवादात्मक परिस्थितीतच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये प्रमथनाथ तालुकदार प्रकरणात सांगितलंय. उदाहरणार्थ, आधी प्रयत्न करूनही हाती न आलेली नवी माहिती मिळाली तर. गंमत म्हणजे 'तक्रार' या शब्दाचा मूळ अरबी अर्थच 'पुन्हा पुन्हा करणं' असा आहे.