मदत हवी आहे: जुन्या पत्रांच्या कोलाजमध्ये शाई फुटते आहे

नमस्कार. आजोळचे घर विकण्यापूर्वी तेथून आणलेल्या वस्तूंमधून मी मिश्र माध्यमातील कोलाजची मालिका करीत आहे. त्यात आजोबांची आंतर्देशीय पत्रे, माझ्या दुरेघी वहीची पाने, आजीच्या इरकली लुगड्याचा काठ आणि काळ्या पानांच्या अल्बममधील फोटो आहेत.

पहिल्याच चित्रात पाण्यात कालवलेला पांढरा डिंक लावताच पत्रातील निळी शाई फुटली आणि ‘चि.’ या अक्षराभोवती फिकट डाग पसरला. पत्र तर गेलेच. परंतु त्या डागात जी हुरहूर उतरली, ती मला रंगाने कधीच साधली नव्हती, हेही खरे. तरीही उरलेली पत्रे मला जपायची आहेत. लेझर प्रिंटरवरील प्रतीची शाई पाण्याने फुटत नाही, म्हणून प्रती वापरून पाहिल्या, पण घडीवर झिजलेल्या कागदाचा स्पर्श त्यांना येत नाही. शिवाय लाकडाच्या लगद्यातील लिग्निन या घटकामुळे वहीची पाने पिवळी पडत चालली आहेत.

गव्हाच्या पिठाची खळ अगदी घट्ट करून लावल्यास शाई टिकेल का? कोलाजच्या तळाचे प्लायवूड आणि पत्र यांच्यामध्ये आम्लविरहित कागद घालावा का? जर्मन कोलाजकार कुर्ट श्विटर्स यांनी ट्रामची तिकिटे आणि वेष्टणे थेट चिकटवली होती. घरच्या पत्रांच्या बाबतीत आपण मूळ कागद वापराल की प्रत? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.